छोट्या गावात शिवणकामावर घर चालवणाऱ्या बाईच्या हातात कला उरते, की नुसती मजुरी?

उरते. मी माझ्या आईवरून सांगते.

आम्ही गडहिंग्लजचे. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार. पट्टा पडला, म्हणजे उसाचं गाळप संपलं, की पुढचा हंगाम सुरू होईपर्यंत घर आईच्या पायमशीनवर चालायचं. जूनमध्ये शाळेचे गणवेश, मग गौरी-गणपतीची घाई, मग दिवाळी, तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. आम्हा तिघा भावंडांच्या फिया, आजीची औषधं, धाकट्या आत्याचं लग्न, सगळं त्यातूनच निघालं. परकर, फॉल-पिको, काज-बटणं ती न बोलता उरकायची. त्याला मजुरीच म्हणा, माझी हरकत नाही. रात्री दहाला ब्लाउज न्यायला येऊन "घरीच तर बसून करताय, दोन रुपये कमी घ्या" म्हणणाऱ्या बायकांचा मला आजही राग येतो.

पण खण आला की तिचं बसणंच बदलायचं.

आमचा भाग कर्नाटकाच्या हद्दीला लागून, त्यामुळे बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण आमच्याकडे घरोघरी. त्याला दोन्ही कडांना काठ आणि मध्ये बारीक विणीची नक्षी: सूर्यनारायण, तुळस, तेरू. तेरू म्हणजे कानडीत रथ. साधं ब्लाउजपीस कसंही फिरवून बेतता येतं, खणाचं तसं नाही. तुकडा उलटा बेतला तर रथ डोक्यावर उभा राहतो. दोन्ही बाह्यांना काठ सारखा यायला हवा, खालच्या पट्टीलाही पुरायला हवा, आणि पुढे आकडे लावल्यावर नक्षीची ओळ मधेच तुटता कामा नये. एवढं सगळं तेवढ्याशा कापडात. आई खण जमिनीवर पसरून हातात खडू घेऊन नुसती बघत राहायची. भात करपला तरी उठायची नाही. त्या वेळी तिला हाक मारायची नाही, हे आम्हाला लहानपणीच कळलं होतं.

उरलेली कात्रणं ती रंगांप्रमाणे वेगळ्या पिशव्यांत ठेवायची. त्यांतून ती कुंच्या, म्हणजे तान्ह्या बाळाची पाठीवर येणारी टोपडी, करायची. गल्लीत कुणाचं बारसं ठरलं की आठ-दहा तुकडे जोडून, आत जुन्या धोतराचं मऊ अस्तर लावून, पाठीवर गोंडे सोडून कुंची तयार. त्याचे पैसे तिने कधी घेतले नाहीत. एरवी आठ आण्यांचा हिशेब वहीत लिहिणारी बाई, पण कुंचीचं पान त्या वहीत नव्हतंच. दोन कुंच्या कधी एकसारख्या झाल्या नाहीत. कुठला लाल कुठल्या हिरव्याशेजारी बसतो, यावर ती दोन-दोन दिवस घालवायची. तुम्ही विचारलेली कला मला तिथे दिसते.

आता तिला मशीन झेपत नाही, नजरही अधू झालीय. माझ्या लग्नातला खणाचा ब्लाउज तिने दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत दुमडलेलं जादा कापड, ठेवून शिवला होता. एवढी कशाला, म्हणून मी तेव्हा वाद घातला होता. पहिल्या बाळंतपणानंतर एक शिवण उसवली, चाळिशीत दुसरी. परवा घालून बघितला. अजून एक शिवण शिल्लक आहे.