भिंत मोजायची तर पहाटे मोजा

अनगोळच्या भाऊंनी विचारलंय: पश्चिमेच्या नऊ इंची विटांच्या भिंतीवर दुपारी चारला इन्फ्रारेड गन (लांबून पृष्ठभागाचं तापमान दाखवणारी) धरली, बाहेरून ४६ अंश, आतून ३२. म्हणजे भिंत १४ अंश अडवते का? आतून थर्माकोल लावू का?

अडवते कुठली, उशीर करते. चारचं ऊन आत पोचायला त्या भिंतीला सहा-आठ तास लागतात. रात्री अकराला आतून हात लावून बघा की, कोमट लागेल. निपाणीहून निघालेली एसटी अजून वाटेत हत्तरगीजवळ असताना बेळगाव स्टँडवर कुणी उतरलं नाही म्हणून गाडी रिकामी म्हणायची, तसलं झालं हे.

गनवरही फार विसंबू नका. स्वस्तातल्या गनची चूक दोनेक अंशांची असते. चकचकीत धातूवर तर ती धडधडीत खोटं बोलते. उद्यमबागेत एका शेडच्या नव्या पत्र्यावर मला भर उन्हात २६ दाखवलं, हात लावला तर चटका! त्याच पत्र्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून थोड्या वेळानं टेपवर गन धरली, तेव्हा खरा आकडा आला. प्लास्टरवर हा घोळ होत नाही.

भिंत खरंच किती अडवते ते यू-व्हॅल्यू सांगते: आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना भिंतीच्या एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते ते. आकडा जितका कमी तितकी भिंत जास्त अडवते. आयएसओ ९८६९ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पद्धतीत भिंतीला उष्णताप्रवाह मोजणारी चकती लावून किमान ७२ तास नोंदी घेतात. चकती महाग. घरगुती जुगाड असा: डिसेंबर-जानेवारीत, त्याच बांधणीच्या उत्तरेच्या भिंतीवर (तिला तेव्हा ऊन लागत नाही) मोजा. खोलीत हीटर तीन दिवस सलग चालू, पंखा बंद. तीन डिजिटल सेन्सर घ्या: एक बाहेरच्या हवेत, एक खोलीच्या हवेत, एक भिंतीला आतून घट्ट चिकटवलेला. आधी तिन्ही एकत्र बांधून स्टीलच्या तांब्यात बर्फाच्या पाण्यात बुडवा, आपसातला फरक लिहून ठेवा. हे टाळलंत तर बाकीचं सगळं पाण्यात.

पहाटे पाचला समजा बाहेर १४, खोलीत २४, भिंत २१.४. हवा आणि भिंत यांतला फरक २.६, त्याला ७.७ नं गुणा (हवा-भिंतीत एक अंशाचा फरक असला की चौरस मीटरला साधारण एवढे वॅट भिंतीत जातात), म्हणजे साधारण २० वॅट. आत-बाहेरचा फरक १०, त्यानं भागा, यू झाली २. नऊ इंची विटेची एवढीच येते. तीन पहाटा आकडा जुळला तर खरा धरा. प्लास्टरखाली कॉलम (काँक्रीटचा खांब) नाही ना, ते मात्र ठोकून बघा. माझे पहिले दोन दिवस कॉलमवर मोजण्यात गेले.

खानापूरकडच्या जांभ्याच्या घरांनी पावसाळ्यात मोजू नये. चिरा पाणी पितो, आणि ओली भिंत कोरडीपेक्षा जास्त उष्णता सोडते.

थर्माकोलचं म्हणाल तर ५० मिलिमीटरनं यू २ वरून ०.५५ च्या आसपास येईल. पण सहा इंची उघड्या स्लॅबची यू साडेतीनच्या आसपास असते, आणि त्याला दिवसभर ऊन. थर्माकोल आणायच्या आधी उन्हाळ्यातल्या एका रात्री दहाला एक सेन्सर स्लॅबला खालून आणि एक पश्चिमेच्या भिंतीला लावा. माझ्या घरी स्लॅब तीन अंशांनी जास्त गरम होता, मी भिंतीला हातच लावला नाही.