नव्या सुपरवायझरला: मेमो नंतर, आधी माणूस बघा

सुपरवायझर झालात, अभिनंदन. पहिल्याच महिन्यात "दोघं-तिघं डोक्याला ताप आहेत" म्हणताय, तर आधी एवढंच बघा: त्याला काम जमत नाही, की जमतं पण करायचं नाही? दोन्हींवर औषध वेगळं.

भोसरीत मशीन शॉपवर असताना माझ्याकडे एक जुना टर्नर, म्हणजे लेथ मशीन चालवणारा, होता. अचानक त्याचं रिजेक्शन, म्हणजे मापात न बसणारे जॉब, वाढलं. मी चारचौघांत झापला. नंतर टपरीवर चहा पिताना कळलं, चाळिशी लागली होती. माप घ्यायच्या व्हर्नियरच्या रेघा दिसत नव्हत्या आणि सांगायची लाज. चष्मा आला, जॉब परत मापात. मलाच आठवडाभर त्याच्याकडे बघवेना.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- बाजूला घेऊन बोला, आणि नेमकं. "तू बेजबाबदार आहेस" नको. "सोमवारी आणि गुरुवारी फर्स्ट शिफ्टला 40 मिनिटं उशीर" असं.
- त्याच दिवशी डायरीत तारखेसह दोन ओळी.
- सुधारायला मुदत द्या, आणि त्या तारखेला खरंच विचारा. नवे लोक इथेच ढिले पडतात.

कामचुकाराचं काम कामसू माणसावर ढकलू नका. आधी तोच सोडून जातो.

दारू पिऊन आला किंवा कुणावर हात उचलला, तर मात्र समजावत बसू नका. मशीनपासून लांब करा, एचआरला लगेच कळवा. आरोपपत्र, खातेचौकशी, निलंबन हे सगळं त्यांनी बघायचं. "उद्यापासून येऊ नकोस" हे तुमच्या तोंडून निघता कामा नये.