गाडी तुझ्या एकटीची नाही

"ताई, मी पुण्यात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सेमला २२ क्रेडिट, त्यातली ४ प्रॅक्टिकलची. कॉलेजच्या मुलांनी खडबडीत रस्त्यावरची गाडी बनवायची 'बाहा' स्पर्धा असते, तिच्या टीममध्ये गाडीचं सस्पेन्शन माझ्याकडे आहे. रविवार सोडून रोज संध्याकाळी सात ते रात्री दोन वर्कशॉपमध्ये असते. शिवाय काकांच्या दूध संकलन केंद्रासाठी ॲप करायला घेतलंय. एम-३, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिलाय. टीम सोडली तर सगळ्यांना दगा दिल्यासारखं होईल. आई विचारते, झोपतेस ना? मी हो म्हणते." – बार्शीची मुलगी

प्रिय मुली,

आधी कागदावर हिशेब मांडला. थिअरीच्या क्रेडिटला आठवड्याला एक तास, प्रॅक्टिकलच्या क्रेडिटला दोन. म्हणजे वर्गाचे २६ तास. वर्कशॉपचे ४२. पुस्तक उघडायच्या आधीच ६८ तास संपले, आणि यात जर्नल, सबमिशन, ॲप काहीच धरलेलं नाही. तू कमी पडत नाहीयेस गं. एवढं कुणालाच झेपलं नसतं.

'दगा' हा शब्द मात्र मला खुपला. तुझ्याच पुण्यात सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी 'स्वयम्' हा जेमतेम किलोभराचा उपग्रह बनवला. काम सुरू झालं २००८ मध्ये, आणि २२ जून २०१६ ला तो श्रीहरिकोट्याहून आकाशात गेला. इंजिनिअरिंग चार वर्षांचं. सुरुवात करणारी मुलं उड्डाणाच्या कितीतरी आधी पास होऊन गेली होती. त्यांनी आपलं काम मागच्यांच्या हाती दिलं, म्हणून तर तो उडाला. त्याला तू दगा म्हणशील?

तेव्हा टीम सोडू नकोस, सस्पेन्शन एकटीने ओढणं सोड. एम-३ ची परीक्षा होईपर्यंत आठवड्यातून दोनच संध्याकाळी, त्याही नऊपर्यंत, असं कॅप्टनला उद्याच सांग. तो कुरकुर करेल. करू दे. मापं, कॅडच्या फाइल्स, कुठे काय फसलं, हे सगळं वहीत उतरव आणि पहिल्या वर्षाच्या कुणाला तरी शेजारी बसवून समजाव.

आणि एम-३ कडे शत्रू म्हणून बघू नकोस. तुझ्या गाडीचं चाक खड्ड्यातून गेल्यावर स्प्रिंग किती वेळ हलत राहील, डॅम्पर ते कसं शांत करेल, हे सांगणारं डिफरन्शियल इक्वेशन त्याच विषयात आहे. तिथूनच अभ्यासाला सुरुवात कर. रात्रभर हाताने जे बसवत होतीस, तेच वहीत भेटेल.

ॲप दिवाळीनंतर. काका लिटर आणि फॅट वहीत लिहीतच आलेत, आणखी काही महिने लिहितील.

आईला मात्र खरं सांग. तुझं ते 'हो' तिला केव्हाच कळलं असणार, नाहीतर तिने पुन्हा पुन्हा विचारलं नसतं. आज अकराला झोप, आणि सकाळी तिला फोन कर.

– ताई