जुन्या पद्मिनीचे इंजिन स्वतः उघडावे का?

वडिलांची 1986 सालची प्रीमियर पद्मिनी निळा धूर टाकते, घोडबंदरच्या चढावर दम सोडते आणि मेकॅनिक पूर्ण इंजिन उतरवायला सांगतो. तर ठाण्यातील सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम स्वतः करावे का, असे आपण विचारले आहे. माझीही पद्मिनीच आहे आणि नौपाड्यात इमारतीखालीच मी तिचे काम करतो.

माझे स्पष्ट मत असे की आधी मोजावे, मग ठरवावे. इंजिन गरम करून चारही प्लग काढावेत, कॉइलची वायर सोडावी, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा आणि कॉम्प्रेशन गेजवरचा (प्लगच्या भोकात लावून सिलिंडरमधला दाब मोजणारे मीटर) प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून ठेवावा. ज्यात दाब कमी भरेल, त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे: दाब चांगला वाढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत, फारसा हलला नाही तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा (ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधल्या सीलचा) आहे. धूर फक्त सकाळी पहिल्या सेल्फला निघून थांबत असेल, तर व्हॉल्व्ह गाइडवर (व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते त्या नळीवर) संशय घ्यावा.

दोष वरचाच, म्हणजे व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा असेल तर हेड (सिलिंडरवरचे झाकण) आपण जरूर उतरवावे, पण घाई करू नये. ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. मी पहिल्यांदा इंजिन कोमट असतानाच एका बाजूने नट सोडत गेलो. नंतर हेड जाड काचेवर ठेवले तेव्हा मधोमध फीलर गेजचे (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या संचाचे) पाते सहज आत गेले, म्हणजे हेड वाकले होते. तेव्हापासून रात्रभर गार झाल्याशिवाय मी पान्याला हात लावत नाही. नट बाहेरून मध्याकडे सोडतो आणि बसवताना मध्यापासून बाहेर, टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळायच्या पान्याने), टप्प्याटप्प्याने आवळतो.

रिंगा आणि क्रँकचे काम मात्र पार्किंगमध्ये होत नाही. त्यासाठी ब्लॉक वागळे इस्टेटमधल्या एखाद्या चांगल्या मशीन शॉपमध्येच न्यावा, आणि तिथे बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजून होईपर्यंत पिस्टन विकत घेऊ नयेत, कारण इतक्या वर्षांत ब्लॉक आधी एकदा रिबोअर झालेला, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे केलेला असू शकतो. तसे असल्यास जुन्या पिस्टनच्या माथ्यावर ओव्हरसाइजचा (मूळ मापापेक्षा किती मोठा याचा) आकडा ठोकलेला सापडतो, आणि माझ्या गाडीत काजळी खरवडल्यावर तिथे 40 निघाला होता.