ब्रिटनमधले बंदूकवाले एकमेकांसाठी उभे का राहत नाहीत?

तुमचा प्रश्न असा: "नुकताच इंग्लंडला आलोय, क्ले शूटिंग सुरू करायचंय. इथले शिकारी आणि नेमबाज संख्येने एवढे असून एकजूट का नाही? वर्गभेद हेच कारण का? आणि पहिली बंदूक कोणती घेऊ?"

वर्गभेद आहेच. पण त्याचं मूळ पैशापेक्षा जमिनीत आहे. 1671 च्या कायद्याने वर्षाला 100 पौंड उत्पन्नाची जमीन नसलेल्या माणसाला शिकारीचे पक्षी मारायची मनाई होती. ही अट 1831 मध्ये गेली. कुळाला स्वतः कसत असलेल्या शेतातले ससे मारण्याचा पक्का हक्क मिळायला 1880 उजाडावं लागलं. आजच्या ड्रिव्हन शूटची, म्हणजे रान उठवून पक्षी बंदुकांकडे उडवायच्या शिकारीची, मांडणी त्याच मुशीतली: साधारण आठ बंदूकवाले, चिठ्ठ्या काढून वाटलेल्या जागा, प्रत्येक हाक्यानंतर दोन जागा पुढे सरकायचं. समोर हाकारे काठी आणि झेंडा घेऊन रान उठवतात, मागे कुत्रेवाले पडलेले पक्षी गोळा करतात. बऱ्याच ठिकाणी दुपारच्या जेवणाला बंदुकवाल्यांची पंगत वेगळी, हाकाऱ्यांची वेगळी.

मी मात्र दलदलीतल्या बदकांच्या बाजूचा आहे, म्हणजे वाइल्डफाउलर. भरतीरेषेखालच्या चिखलात हंगाम संपेपर्यंत, म्हणजे 20 फेब्रुवारीपर्यंत, बसणारे आम्ही. म्हणून शिशाचा विषय निघाला की मला राहवत नाही.

इंग्लंडमध्ये 1999 पासून रानबदकांवर शिशाचे छर्रे वापरायला बंदी आहे. पाण्यात पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळतात, ते पोटात दळले जातात आणि पक्षी विषबाधेने मरतो. आमच्या लोकांनी स्टील घेतलं, कुरकुर केली, आणि शिकले. शिसं घनतेला 11.3, स्टील जेमतेम 7.8, म्हणजे स्टीलचा छर्रा हवेत लवकर दमतो. उपाय ठरलेला आहे: छर्रा दोन नंबर मोठा घ्या, शिशाचा सहा असेल तिथे स्टीलचा चार (नंबर लहान तितका छर्रा मोठा). अंतर 35 यार्डांच्या आत ठेवा. चोक, म्हणजे नळीच्या तोंडाचा आवळा, हाफपेक्षा घट्ट नको, कारण स्टील दबत नाही आणि मोठे छर्रे आवळलेल्या नळीच्या तोंडाशी फुगवटा आणतात. छर्रे कपासारख्या वॅडमध्येच (काडतुसातल्या बोळ्यात) हवेत, नाहीतर नळी आतून खरवडते. हाय परफॉर्मन्स, म्हणजे जास्त दाबाचं, स्टील वापरायचं तर नळीवर फ्लर-द-लीचा (लिलीच्या फुलाचा) शिक्का बघा. तो नसेल तर स्टँडर्ड काडतुसांवरच थांबा. जुन्या 65 मिलिमीटर चेंबरच्या (काडतूस बसायच्या खोबणीच्या) दुनळीत 70 चं काडतूस बसतं, बारही उडतो, पण तोंड उलगडायला जागा न मिळाल्याने दाब वाढतो. लोक नेमके इथे फसतात.

हे सगळं आम्ही करत असताना सुक्या जमिनीवरच्या शूटवर काय चाललं होतं? तिथेही बदकं उडवली जातात. इंग्लंडमध्ये विक्रेत्यांकडून घेऊन तपासलेल्या बदकांपैकी सुमारे 70 टक्के बेकायदा शिशाने मारलेली निघाली. बंदीला तेव्हा दहा वर्षं होऊन गेली होती. फेब्रुवारी 2020 मध्ये नऊ संघटनांनी पाच वर्षांत आपणहून शिसं सोडायचं जाहीर केलं. त्यानंतरच्या पहिल्या हंगामात तपासलेल्या 180 फेझंट पक्ष्यांपैकी 179 मध्ये शिसंच होतं. जुलै 2025 मध्ये सरकारने बंदी जाहीर केली. मला याचं नवल वाटलं नाही. आता महागडं बिस्मथ (जुन्या नळीलाही चालणारा, शिशाऐवजीचा मऊ धातू) परवडणारा माणूस आजोबांची दुनळी चालवत राहील. आजोबांची तशीच बंदूक असलेला हाकारी ती भिंतीवर टांगेल.

पिस्तुलांचं याहून वाईट झालं. मार्च 1996 मध्ये स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत गोळीबारात 16 मुलं आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. 1997 च्या पहिल्या कायद्याने .22 इंची नळीहून मोठी पिस्तुलं गेली. .22 वाल्यांपैकी अनेकांना आपण सुटलो असं वाटलं. त्याच वर्षी दुसऱ्या कायद्याने तीही गेली. तेव्हा शॉटगनवाल्यांनी अळीमिळी गुपचिळी धरली. "आमचा खेळ वेगळा, आमच्याकडे तसली हत्यारं नसतात," हे वाक्य मी आजही ऐकतो, आता सेमी-ऑटोबद्दल, म्हणजे बार उडाला की पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या बंदुकीबद्दल. उघडलेली दुनळी लांबूनही रिकामी दिसते, सेमी-ऑटो दिसत नाही, ही अडचण खरी. चेंबरमध्ये रंगीत फ्लॅग खोचला की ती मिटते. तरीही नाक मुरडणाऱ्याला सुरक्षेची काळजी नसते, त्याला तुमची पायरी दाखवायची असते. जड स्टीलचा धक्का सेमी-ऑटो बराच खाते, म्हणून दलदलीत ती योग्य हत्यार आहे. फक्त खारा चिखल गॅसच्या भोकांत वाळू देऊ नका.

तुमच्या बंदुकीबद्दल: क्लेसाठी 12 बोअरची उभी दुनळी (एकावर एक नळ्या), 30 इंची नळ्या, बदलता येणारे चोक, स्टीलचा शिक्का असलेली. काडतूस 28 ग्रॅम, साडेसात किंवा आठ नंबर. मैदानावर फायबर (बिनप्लास्टिकचं) वॅडच चालतं का, ते आधी विचारा. आडवी दुनळी (शेजारी शेजारी नळ्या) नंतर हौसेने घ्या, कुणाला दाखवायला नको. क्लेपुरतं सीपीएसए (क्ले नेमबाजांची संघटना) पुरे, पण बीएएससीचंही (शिकारी-नेमबाजांची संघटना) सदस्यत्व घ्या: ती 1908 मध्ये वाइल्डफाउलरांची संघटना म्हणूनच जन्मली.

एक मान्य करतो: काही शूटनी कायद्याची वाट न बघता शिसं सोडलं, आणि तिथल्या गेमकीपरांनी (शिकारीचे पक्षी सांभाळणाऱ्या नोकरांनी) त्यासाठी मालकांशी वाद घातले. आमच्यातही ड्रिव्हनवाल्यांवर बंदी आली तर बरं म्हणणारे आहेत, तेही तितकेच चुकतात. आणि 1999 च्या शिसे-बंदीचं वर सांगितलं ते इंग्लंडपुरतं. स्कॉटलंडमध्ये शिशाचे नियम वेगळे आहेत, एअर रायफललाही परवाना लागतो.

पहिल्या हंगामात पैसे देऊन जागा घेऊ नका. ऑक्टोबरमध्ये जवळच्या गेमकीपरला फोन करा, हाकारी म्हणून जा, जानेवारीअखेर हाकाऱ्यांच्या दिवशी बंदूक चालवायला मिळेल. तिथे तुमच्या शेजारी उभ्या असलेल्याला विचारा, काडतूस कशाचं आहे.