मुलगी दहावीत आहे, तिला सैन्यात अधिकारी व्हायचंय. सुरुवात कुठून करावी?

सरळ रस्ता खडकवासल्याचा, म्हणजे एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी). बारावीत असतानाच यूपीएससीची लेखी परीक्षा देता येते. ती वर्षातून दोनदा होते. 2022 पासून तिथे मुलींनाही प्रवेश आहे आणि त्यांची पहिली तुकडी मे 2025 मध्ये बाहेर पडली. भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते, पण नौदल-हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवंच. म्हणून अकरावीला विज्ञान घ्या.

आपली मुलं मात्र एसएसबीत, म्हणजे लेखीनंतरच्या मुलाखत-चाचण्यांत अडकतात. लेखीला 900 गुण आणि एसएसबीलाही 900, तरी घराघरांत तयारी फक्त गणिताची! पाच दिवस तिथे बघतात ते वेगळंच: गटात अडचण आली की ही मुलगी पुढे होते का, दुसऱ्याचं ऐकते का. हे दोन महिन्यांच्या क्लासमध्ये येत नाही. तिला आत्तापासून एनसीसीत घाला, ट्रेकची आखणी तिच्यावर सोपवा, रोज वर्तमानपत्र वाचून त्यावर घरात बोलायला लावा. चुकू द्या तिला.

दहावीनंतरच्या प्रवेशासाठी नाशिकच्या मुलींच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेचा अर्ज अजिबात चुकवू नका. ती राज्य सरकारची आहे, आणि तयारी नेमकी एनडीएच्याच परीक्षेची करून घेतात.