पावती म्हणजे कार्ड नव्हे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं एकाच गोष्टीबद्दल आहेत: ग्रीन कार्डाचा अर्ज, म्हणजे फोर-एटी-फाइव (फॉर्म आय-४८५), भरला आहे, कार्डाला अजून वेळ आहे, तोवर काम कसं करायचं? मी वकील नाही. २००९ साली एच-फोरवर, म्हणजे नोकरीच्या एच-वन व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, अमेरिकेत आले आणि स्वतःचा पहिला पगार हातात पडला तो २०१६ साली. त्यानंतरही एकदा काम तुटलं, ते पुढे सांगतेच. हे नियम मी आधी सोसले आणि मग शिकले. तुमच्या फाइलबद्दल शेवटचा शब्द मात्र तुमच्या वकिलाचाच.

ताई, नमस्कार. यांची प्रायोरिटी डेट करंट झाली, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेत आमचा नंबर लागला, आणि ऑक्टोबरात आम्ही दोघांनी फोर-एटी-फाइव भरला. सोबत माझा वर्क परमिटचा अर्जही गेला. पावती आली, बोटांचे ठसेही देऊन झाले. घराजवळच्या माँटेसरीत मला मदतनीस शिक्षिका म्हणून घ्यायला तयार आहेत. तिथल्या बाई म्हणतात, 'कार्ड येईपर्यंत अशीच येत जा, पगाराचं मागाहून बघू.' जाऊ का? आणि एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. गेले दोन महिने मी इथून भारतातल्या दहावीच्या मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या घेते. फी तिकडच्याच खात्यात जमा होते. ते चालतं ना?
— एक वाचक, फ्रिस्को, टेक्सास

नका जाऊ. बाईंचा हेतू चांगला असेल, पण त्या म्हणतात ते 'मागाहून बघू' तुमच्या अंगाशी येईल, त्यांच्या नाही.

तुमच्या हातात आहे ती अर्ज पोचल्याची पावती, आय-७९७सी. फोर-एटी-फाइव प्रलंबित असताना तुम्हाला इथे राहता येतं. राहण्याची मुभा आणि काम करण्याची मुभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काम करण्याची मुभा मिळते ती आय-७६५, म्हणजे वर्क परमिटचा अर्ज, मंजूर झाल्यावर, आणि नोकरीवर दाखवायचं असतं ते त्याचं कार्ड, ईएडी. त्यावर वर्ग लिहिलेला असतो 'सी०९', म्हणजे फोर-एटी-फाइव प्रलंबित असलेली व्यक्ती. तो छापलेला आहे ना, नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे ना, हे लिफाफा उघडल्याबरोबर तपासा.

बिनपगारी काम म्हणजे स्वयंसेवा, असं अनेकींना वाटतं. देवळात प्रसाद वाढणं, वाचनालयात मुलांना गोष्टी सांगणं ही स्वयंसेवा. ज्या जागेवर दुसऱ्या कुणाला पगार दिला असता, त्या जागेवर 'पुढे मिळेल' या बोलीवर बसणं म्हणजे नोकरी. बाईंना सांगा, कार्ड आलं की दुसऱ्या दिवशी हजर होते. त्या दिवशी आय-९, म्हणजे कामाची परवानगी तपासण्याचा फॉर्म, भरायचा असतो आणि कामाला लागल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कागद दाखवायचा असतो. त्यासाठी ईएडी एकटं पुरेसं आहे. कुणी 'ग्रीन कार्डच आणा' म्हटलं किंवा 'हे कार्ड पुढच्या वर्षी संपतंय, म्हणून घेत नाही' असं सांगितलं, तर कायद्याने त्यांना तसं म्हणता येत नाही. हे नम्रपणे पण ठामपणे सांगा.

आता शिकवण्यांबद्दल. तुम्ही हे मोकळेपणी विचारलंत याचं मला खरंच बरं वाटलं, कारण ही गोष्ट करणाऱ्या पुष्कळजणी आहेत आणि विचारणाऱ्या फार थोड्या. पैसे कुठल्या खात्यात पडतात यावर हे ठरत नाही. तुम्ही बसून काम करता ती खुर्ची टेक्सासमध्ये आहे, म्हणून ते अमेरिकेत केलेलं काम धरलं जाऊ शकतं. आजच्या आज थांबा. मुलांचं वर्ष बुडेल म्हणून जीव तुटेल, ते मला समजतं. एखाद्या मैत्रिणीकडे सोपवा.

घाबरून जाऊ नका, कारण नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डाच्या अर्जांसाठी कायद्यात एक सवलत आहे, कलम २४५(के). शेवटच्या वैध प्रवेशापासून परवानगीशिवाय केलेलं काम एकूण १८० दिवसांपर्यंत असेल, तर एवढ्यावरून अर्ज अडत नाही. पण यात कामाचे तास मोजत नाहीत, दिवस मोजतात, आणि फोर-एटी-फाइव भरल्यानंतरचे दिवसही त्यात येतात. आठवड्यातून दोनच तास शिकवत होते, हे म्हणणं तिथे उपयोगी पडत नाही. पहिल्या आणि शेवटच्या शिकवणीची तारीख कागदावर लिहा आणि वकिलाला सगळं सांगा. परवानगीशिवाय काम केलंय का, हा प्रश्न फोर-एटी-फाइवच्या फॉर्मवर आहे आणि मुलाखतीत पुन्हा विचारला जाऊ शकतो. दोन महिन्यांच्या शिकवण्यांतून मार्ग निघतो. लपवून दिलेल्या उत्तरातून निघणं फार अवघड.

कार्ड लवकर मागवता येईल का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असेलच. या वर्गाला जास्तीची फी भरून लवकर निकाल मिळवण्याची, म्हणजे प्रीमियमची, सोय नाही. तातडीची विनंती करता येते, पण 'मला कामाला लागायचंय' एवढं कारण त्यात धरत नाहीत. मोठं आर्थिक नुकसान कागदोपत्री दाखवावं लागतं. तोवर एक काम करा. टपालपेटीवर तुमचं आडनाव लावा. घर बदललंत तर दहा दिवसांच्या आत पत्ता कळवा. नुसतं टपाल खात्याला सांगून भागत नाही, कार्डाचा लिफाफा पुढच्या पत्त्यावर न जाता परत जाऊ शकतो. माझ्या ओळखीच्या एका मुलीचं कार्ड असंच परत गेलं. पेटीवर फक्त नवऱ्याचं नाव होतं आणि तिचं आडनाव माहेरचं.

ताई, जानेवारीत माझं आणि बायकोचं ईएडी आलं. दोघांचंही फक्त अठरा महिन्यांचं! ऑफिसातल्या मित्राला २०२४ साली पाच वर्षांचं मिळालं होतं. आमच्या अर्जात चूक झाली का? मित्र म्हणतो काळजी नको, नूतनीकरणाचा अर्ज टाकला की ५४० दिवस आपोआप मिळतात. दुसरं म्हणजे, मला एका चांगल्या कंपनीची ऑफर आहे. ते एच-वन करत नाहीत, ईएडीवर घेतील. फोर-एटी-फाइव मागच्या ऑक्टोबरातला आहे. घेऊ का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

चूक झालेली नाही, नियम बदलला. २०२३ च्या सप्टेंबरअखेरीपासून या वर्गाला पाच वर्षांपर्यंतचं कार्ड मिळू लागलं होतं. ५ डिसेंबर २०२५ पासून ती मुदत जास्तीत जास्त अठरा महिन्यांवर आली. त्या दिवशी प्रलंबित असलेल्या अर्जांनाही ती लागू झाली, म्हणून ऑक्टोबरात अर्ज करूनही तुम्ही त्यात सापडलात.

तुमच्या मित्राची माहिती जुनी आहे आणि या जुन्या माहितीनेच यंदा सगळ्यांत जास्त माणसं अडचणीत येतील, अशी मला भीती वाटते. ३० ऑक्टोबर २०२५ ला किंवा त्यानंतर टाकलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना ती आपोआप मिळणारी मुदतवाढ नाही. कार्डावरची तारीख उलटली आणि नवं कार्ड मंजूर झालेलं नसेल, तर दुसऱ्या दिवशी काम बंद. अर्ज वेळेवर टाकला होता, पावती खिशात आहे, वरिष्ठांना तुमची नड आहे, यातलं काहीही उपयोगी पडत नाही.

काम बंद होणं म्हणजे काय, ते मी पाहिलं आहे. तेव्हा माझं ईएडी एच-फोरचं होतं, त्याला तेव्हाही आपोआप मुदतवाढ मिळत नसे. २०२१ च्या फेब्रुवारीत ते संपलं आणि नवं आलेलं नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता मी लॅपटॉप परत केला. कंपनीने जागा ठेवू असं सांगितलं होतं; सहाव्या आठवड्यात ती दुसऱ्या कुणाला दिली. ऑक्टोबर २०२० मध्ये नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डाच्या तिसऱ्या श्रेणीत भारतीयांना फोर-एटी-फाइव भरता येण्याची तारीख १ जानेवारी २०१५ पर्यंत पुढे आली होती, आमची प्रायोरिटी डेट नोव्हेंबर २०१४ ची. त्यामुळे आमचा फोर-एटी-फाइव तोवर भरून झाला होता, आणि मे महिन्यात त्यावरचं सी०९ कार्ड आलं. मधले तीन महिने सकाळी आठला उठून कपडे करून बसत होते, कुठे जायचं नसताना. तुमच्या बायकोवर ती वेळ येऊ नये म्हणून हे इतकं लांबण लावते आहे.

तर करायचं असं. कार्ड संपण्याच्या १८० दिवस आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज घेतात. तुमचं कार्ड अठरा महिन्यांचं, म्हणजे बारा महिने झाले की दार उघडलं. पुढच्या वर्षी ते उघडेल त्याच आठवड्यात दोघांचे अर्ज जाऊ द्या. कागद आणि फोटो त्याआधी महिनाभर तयार ठेवा. फी प्रत्येकी २६० डॉलर. तुमच्या मित्राने फोर-एटी-फाइव फीसह १ एप्रिल २०२४ च्या आधी भरलेला असेल तर त्याला ही फी पडत नाही, म्हणून त्याचा आकडा तुम्ही धरू नका. आणखी एक बदल: कागदी अर्जासोबत चेक चालत नाही, कार्डाने किंवा थेट बँक खात्यातून पैसे द्यावे लागतात. जुन्या सवयीने चेक जोडला तर पाकीट परत येईल आणि तुमचे महत्त्वाचे आठवडे जातील. तारखा कंपनीच्या वकिलावर सोडू नका. वकिलाकडे शेकडो फायली असतात, तुमच्याकडे एक.

आता नोकरीचं. फोर-एटी-फाइव १८० दिवस प्रलंबित राहिला आणि आय-१४०, म्हणजे कंपनीने तुमच्यासाठी केलेला अर्ज, मंजूर असेल, तर त्याच किंवा तशाच स्वरूपाच्या कामावर कंपनी बदलता येते. ही सोय २००० सालच्या कायद्याने झाली. ऑक्टोबरातला अर्ज म्हणजे तुमचे १८० दिवस एप्रिलमध्ये भरतात. त्याआधी हलू नका. नव्या कंपनीला 'सप्लिमेंट जे' हा नोकरीची खात्री देणारा फॉर्म भरून द्यावा लागतो. त्यात कामाचं वर्णन जुन्याशी जुळायला हवं. पगार वाढला म्हणून बिघडत नाही, पण प्रोग्रामरचा विक्री व्यवस्थापक झालात तर प्रश्न येईल.

तरीही मला विचाराल तर एच-वन न करणारी कंपनी मी या घडीला घेणार नाही. ईएडी मिळाल्याने एच-वन जात नाही, ते वापरल्याने जातं. आज तुमच्या पायाखाली दोन फळ्या आहेत. फोर-एटी-फाइवला काही झालं किंवा कार्ड लांबलं, तर एच-वनवर तुमचं काम चालू राहील. एक फळी काढून टाकलीत तर सगळा भार अठरा महिन्यांच्या प्लास्टिकवर. आणि तो तुमच्या एकट्याचा नाही: बायकोचा अर्ज तुमच्या अर्जावर उभा आहे, तुमचा नाकारला गेला तर तिचाही जातो. एच-वन करणारी दुसरी कंपनी शोधा, सहा महिने जास्त लागले तरी. उलट बायकोला तिचं ईएडी बिनधास्त वापरू द्या. तिला तुमच्यासारखी 'त्याच स्वरूपाचं काम' ही अट नाही. शाळा, रुग्णालय, स्वतःचा केकचा व्यवसाय, जे हवं ते.

ताई, मी एच-वन सोडून ईएडीवर काम करते. वडिलांची बायपास ठरली आहे. ॲडव्हान्स पॅरोलचा, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याच्या परवानगीचा, अर्ज केलाय, पण आलेला नाही. जाऊन आले तर चालेल का? नोकरी जाईल का?
— एक वाचक, सिएटल

पॅरोल हातात नसताना निघू नका. एच-वन किंवा एच-फोर टिकवून असलेल्यांना त्या व्हिसावर परत येता येतं आणि फोर-एटी-फाइवला धक्का लागत नाही. तुम्ही एच-वन सोडलं आहे, त्यामुळे पॅरोलशिवाय देश सोडलात तर फोर-एटी-फाइव सोडून दिल्यासारखा धरतील, आणि त्यावर उभं असलेलं ईएडीही जाईल. ईएडीवर काम करता येतं, परत येता येत नाही.

पण वाट आहे. इमिग्रेशनच्या संपर्क केंद्राला फोन करून तातडीच्या पॅरोलसाठी स्थानिक कार्यालयाची वेळ मागा. रुग्णालयाचं पत्र इंग्रजीत हवं, लेटरहेडवर, शस्त्रक्रियेची तारीख आणि तुमचं वडिलांशी नातं लिहिलेलं. भावाला आजच रुग्णालयात पाठवा. केंद्राने एकदा नकार दिला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. वडिलांची तब्येत सुधारली की मला दोन ओळी लिहा.

काकू, माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. आमच्यासोबत त्याचाही फोर-एटी-फाइव भरला. त्याला उन्हाळ्यात पोहण्याच्या तलावावर लाइफगार्ड व्हायचंय. त्याचे मित्र सगळे करतात. त्यालाही कार्ड मिळतं का?
— एक आई, नेपरव्हिल, इलिनॉय

मिळतं. त्याचा स्वतःचा आय-७६५ भरावा लागतो, फी तीच २६० डॉलर. तुम्ही त्याचा भरलाच नसेल तर आता भरा, फोर-एटी-फाइवची पावती जोडून. बऱ्याच घरांत मुलांचा अर्ज 'त्याला कशाला हवं' म्हणून राहतो, आणि मग वर्गातल्या सगळ्यांना पहिला पगार मिळतो तेव्हा आपलं लेकरू घरी बसतं. उन्हाळ्यापर्यंत कार्ड येईलच असं त्याला सांगू नका. लाइफगार्डचं प्रशिक्षण मात्र कार्डाशिवाय घेता येतं, ती नोकरी नव्हे. ते त्याला आत्ताच करू द्या.